कासारतळ्याचा गोंधळ

पाहुणेहो, या बागेत ‘कचरा टाकू नका’ अशी एकही पाटी नाही, आणि तळ्याच्या काठी कागदाचा कपटाही दिसणार नाही. असे का, ते जुनी माणसे सांगतात.

पूर्वी पाट्या होत्या म्हणे, जागोजागी. भोंगाही ओरडायचा. लोक पाटीलाच टेकून भेळ खायचे आणि कागद तळ्यात भिरकावायचे. पाणी दिसेनासे झाले, मासे उलटे तरंगू लागले, आणि एक दिवस तळे बुजवायचा हुकूम निघाला.

तुळजाराम गोंधळ्याच्या ते काळजाला लागले. त्याच्या घराण्याच्या गोंधळाचा कलश पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्याने भरला जाई. ऐन लग्नसराईत त्याने देवीची शपथ घेतली, “तळ्याचं तोंड दिसेपर्यंत दुसऱ्या कुठं संबळ वाजवणार नाही!”

“मग चूल कशी पेटायची?” बायकोने विचारले.

“आई बघंल,” तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने काठावर दिवटी पाजळली आणि संबळावर टिपरू पडले. गोंधळी देवांना हाका मारतो. तुळजारामाने आळ्यांना मारल्या.

“बुरूड आळी, गोंधळाला या! कासार गल्ली, गोंधळाला या! तुमच्या लेकींच्या लग्नाला मी आलो, आता माझ्या तळ्याच्या गोंधळाला तुम्ही या!”

भेळ खाणारे हसले. हाका मारमारून त्याचा गळा बसत आला. तेवढ्यात बुरूड आळीची गिरजाक्का टोपली घेऊन आली.

“आळीचं नाव घेतलंय, घरात कशी बसू?” असे म्हणत पदर खोचून ती थेट चिखलात उतरली. तिच्यामागून अख्खी आळी! ते कळताच कासार गल्ली धावली. मग काय, आळीआळीत चुरस लागली! जिचे नाव पुकारले जाई, ती आरोळी ठोकत पाण्यात उतरे. तुळजारामाचे हात थांबेनात.

घाणीची शेवटची टोपली निघाली, तसा तळाचा बुजलेला झरा बुडबुडत वर उसळला, असे सांगतात. बुजवायला आलेल्या मातीच्या गाड्या भरल्या तशाच माघारी वळल्या.

आजही दर रविवारी इथे संबळ कडाडतो आणि एकेका आळीचे नाव पुकारले जाते. नवी जोडपी आधी तळ्याला फेरी घालून चुकार कपटा वेचतात, मगच घरी गोंधळ घालतात. गेल्या रविवारी गोंधळी चुकून तांबट आळीचे नाव विसरला. अख्खी आळी टोपल्या घेऊन त्याच्या दारात उभी!

“आमचं नाव का नाही घेतलंस?”