मुगाचा डोंगर

“मग या माणसांना विचारायचेच कशासाठी, महाराज?”

उपेंद्र मणेरकराने असे विचारले, तेव्हा निजानंदस्वामी मठाच्या ओट्यावर तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या चोळीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

उपेंद्र भूगर्भशास्त्राचा अभ्यासक. बालपणी याच मठात त्याने पहिली अक्षरे गिरवली होती. पुढे तो शहरात जाऊन विद्वान झाला, आणि आपण विद्वान झालो हे त्याला फार लौकर कळले.

मठामागचा डोंगर आतून सुटू लागला आहे, असा संशय होता. पायथ्याला दोन वाड्या : एक पूर्वेला, एक पश्चिमेला. मृगाच्या आधी त्यांतली एक हलवायची होती. कोणती, ते उपेंद्राने सांगायचे होते. चुकीची वाडी हलली, तर राहिलेली वाडी झोपेत गाडली जाणार होती.

यंत्रे थोडी होती आणि डोंगर मोठा. म्हणून त्याने गावाची मदत घेतली. दोन्ही वाड्यांना मठाच्या सभामंडपात बोलावले, आणि डोंगर कोठे दुबळा वाटतो, असे विचारले. पश्चिमवाडीचे भिकाजी नाना वयाने वडील, तेव्हा रीतीप्रमाणे ते आधी बोलले. पूर्वेला, असे त्यांनी सांगितले. आपल्या आजोबांच्या वेळी तिकडचाच कडा कोसळला होता. मग एकामागून एक साऱ्यांनी पूर्वच सांगितली. उपेंद्राने सगळी यंत्रे पूर्वेला नेऊन पुरली.

यंत्रे गप्प राहिली.

“साऱ्या गावाचे एकमत,” उपेंद्र म्हणाला, “आणि ते फोल. आता पाणवठ्यावर मलाच विचारतात, साहेब, आज यंत्राचा उपास आहे का?”

स्वामींच्या मिशीत हसू आले आणि गेले.

“शास्त्र हे जाणत्यांचे काम, महाराज. गर्दीचे नव्हे.”

“गर्दीला तू विचारलेस कधी?”

“दोन्ही वाड्यांना विचारले. एक घर सोडले नाही.”

“एकालाच विचारलेस.”

सभेत आधी बोललेले नाना उपेंद्राच्या डोळ्यांपुढे आले…

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. स्वामींनी तळ्याची चिकणमाती आणवली आणि मठाच्या ओवरीत तिचा डोंगर रचायला लावला. देऊळ, ओढा, दोन्ही वाड्या, पाऊलवाटा. सारे खड्यांनी दाखवले. दाराला पडदा लावला. पडद्याबाहेर भिजवलेल्या मुगाची परात ठेवली.

दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाने एक दाणा उचलायचा. एकट्याने आत जायचे. आपल्या मनाला डोंगर जेथे दुबळा वाटतो, तेथे दाणा मातीत खोल दाबायचा, वरून माती सारखी करायची आणि न बोलता बाहेर यायचे. स्वामींनी इतकेच सांगितले.

उपेंद्राला हा प्रकार पोरकट वाटला. तसे त्याने सांगितलेही. स्वामींनी त्याला पाणी शिंपडण्याचे काम दिले.

पश्चिमवाडीची द्वारका पडद्यापाशी येऊन अडली. नाना तिचे सासरे; आपले सभेत सांगून झाले, म्हणून ते आलेच नव्हते.

“महाराज, मामंजी सभेत पूर्व बोललेत. मी वेगळं कसं करू?”

“आत मामंजी आहेत?”

“नाहीत.”

“मग जा.”

मागून गणू धनगर आला. त्याने हात जोडले, आणि महाराजांच्या मनात कोणती जागा आहे तेवढे सांगावे, आपण डोळे मिटून तेथेच दाणा लावू, अशी विनंती केली. ती विनंती भक्तीची होती. तिच्यात लबाडी नव्हती.

स्वामींनी खांद्यावरचे उपरणे तोंडावर ओढून घेतले.

गणूने जोडलेले हात सोडून परातीतला एक दाणा उचलला. शेवटी एकटाच आत गेला.

अखेरचे माणूस बाहेर पडेपर्यंत स्वामींनी उपरणे काढले नाही; मग तेही पडद्याआड जाऊन आले. त्या दिवशी लोकांनी पादुकांना नमस्कार केला. महाराजांचे मुखदर्शन कोणालाही झाले नाही. काही जण कुरकुरले.

त्यानंतर वाट पाहणे आले. उपेंद्र पाणी शिंपडी आणि आभाळाकडे पाही. स्वामी आपली नित्यकर्मे करीत.

एका सकाळी माती तडकली आणि कोंब वर आले.

उपेंद्र वाकून पाहू लागला. एक कोंब देवळाच्या कळसाशी होता. एक ओढ्याच्या मधोमध. काही शिखरावर, काही जेथे डोंगरच नव्हता तेथे. त्याला हसू आले. हेच ते लोकांचे ज्ञान, असे त्याच्या मनात आले असावे.

“जवळून पाहतोस,” स्वामी म्हणाले.

तो उठला. मागे सरला. दारापर्यंत गेला…

आणि त्याचे हसू गेले.

इकडेतिकडे विखुरलेल्या कोंबांमध्ये, पश्चिमवाडीच्या माथ्यावर, कोंबांची एक दाट हिरवी रेघ उमटली होती. ती सरळ नव्हती. कोयत्याच्या पात्यासारखी वळलेली होती. हे वळण त्याने ग्रंथांत पाहिले होते, विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवले होते. डोंगर सुटू लागला की त्याची पहिली चीर अशीच वळते.

तो पश्चिमेची चढण चढला. त्या वळणाच्या वाटेने पाचोळा दूर करीत गेला. कारवीच्या जाळीत चीर सापडली. त्याने हात घातला. कोपरापर्यंत गेला.

यंत्रे तेथे आणली. संध्याकाळच्या आत ती बोलू लागली.

मग तो घरोघर फिरला. द्वारकेचे मागचे दार लागेनासे झाले होते. लाकूड फुगले असेल, असे तिला वाटले होते. गणूच्या गुरांच्या वाड्याचे कुंपण कलले होते. त्याने म्हशीला दोष दिला होता. एकीच्या परसातला झरा पावसाविना गढूळ झाला होता. तिला रानडुकरांचा संशय होता. डोंगर हलताना कोणीच पाहिला नव्हता. प्रत्येकाने आपल्या अंगणापुरते काही पाहिले होते, आणि ते अंगणापुरते म्हणून सभेत गिळले होते.

परमेश्वर सत्य एका मुठीत ठेवीत नाही.

पश्चिमवाडी हलली. भिकाजी नानांनी आपला देव्हारा स्वतः डोक्यावर घेतला. “आजवर आधी बोलत आलो,” ते म्हणाले, “आज आधी चालतो.” त्यांच्यामागून सारी वाडी मठाच्या माळावर उतरली.

पुढे आर्द्रा नक्षत्रात पश्चिमेची ती उतरण खाली आली. खाली रिकामी घरे होती.

पण वाडी माळावर पोहोचली त्याच दिवशी उपेंद्र ओवरीत आला होता, ते सांगायचे राहिले. त्याने स्वामींपुढे दंडवत घातला. त्याचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांच्या विद्येला जे दिसले नाही, ते या माणसांनी मिळून दाखवले, असे तो म्हणाला; आणि ते खोटे नम्र बोलणे नव्हते. या मातीच्या डोंगराचे छायाचित्र घेऊन तो आपल्या सहकाऱ्यांना दाखवणार होता. असे डोंगर पुष्कळ आहेत, त्यांच्या पायथ्याची माणसेही पुष्कळ आहेत. त्यांनाही असेच विचारायला हवे.

“एवढे चुकलेले कोंब काढून टाकतो, महाराज. पाहणाऱ्याचा गोंधळ नको.”

त्याने कळसाचा कोंब उपटला. ओढ्यातला उपटला. मग त्याचा हात पूर्वेच्या कड्याकडे गेला. तेथे एकच कोंब होता. साऱ्यांहून उंच, एकटा.

“हा कोण भोळा?” उपेंद्र हसून म्हणाला. “नानांच्या बोलण्याला पुरता भुललेला दिसतो.”

स्वामींनी त्याचे मनगट धरले.

“तो राहू दे… तो माझा आहे.”