आवडीची ओवळ

नांदरखेड्यात शिरताना पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती बकुळ. भोवताली कोसभर उघडा माळ, कुसळे आणि काळे दगड. पण गावात दारात बकुळ नाही असे एकही घर नाही. कुणाची कौलांच्या वर गेलेली, कुणाची अजून गुडघ्याएवढी, काट्याचे कुंपण केलेली. एवढ्या कोरड्या मुलखात हे झाड आले कुठून, असे पाहुणे विचारतात. मग देवळातले बापू गुरव त्यांना पायरीवर बसवतात आणि आवडीची गोष्ट सांगतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा या माळावर उन्हात टेकायला सावली नव्हती. इथले लोक बैलांवर धान्य लादून घाट उतरायचे आणि मीठ घेऊन परत यायचे. अशाच एका खेपेत त्यांच्यातल्या सुभानाचे लग्न ठरले आणि घाटाखालच्या तळवलीची आवडी सून होऊन वर आली. निघताना आईने तिच्या पदराच्या गाठीत पाच बिया बांधल्या. परसातल्या ओवळीच्या. बकुळीला कोकणात ओवळ म्हणतात. आई एवढेच म्हणाली, “दारात लाव. फुलली की मी आल्यासारखी वाटेन.”

पाचांतली एकच बी रुजली. पाणी होते दरीतल्या झऱ्यावर. उतरायला सोपे, पण भरल्या घागरीने चढताना छाती फुटायची. सासू ठकूबाई रागाची नव्हती, पण तिने सारा जन्म पाणी वाहिले होते. ती म्हणाली, “माणसांच्या घशाला पुरंना, आन् झाडाला कुठलं घालू?” तोंड धुतलेले, तांदूळ धुतलेले पाणी आवडी ओंजळीओंजळीने रोपाला घालायची. पश्चिमेकडून वारा सुटला की हातातले काम थांबवून उभी राहायची. त्या वाऱ्याला माहेरचा ओलावा आहे, असे तिला वाटे.

दिवाळी झाली की भाऊ न्यायला यायचा. तीन वर्षे आला. चौथ्या वर्षी आला नाही. तुळशीचे लग्न झाले तरी वाटेवर कुणी दिसेना, तेव्हा सुभाना स्वतः घाट उतरला. सहाव्या दिवशी परतला आणि दाराबाहेरच बसून राहिला.

“श्रावणात डोंगर खचला,” तो म्हणाला. “तळवली राहिली नाही. नुसती तांबडी माती हाय.”

आवडी रडली नाही, असे सांगतात. ती रोपापाशी जाऊन बसली. ते तेव्हा हातभरही नव्हते. संध्याकाळ झाली, चूल पेटली, तरी ती उठली नाही. तेव्हा ठकूबाई आपल्या वाटणीचे प्यायचे पाणी तांब्यातून घेऊन आली आणि सगळे रोपाच्या मुळाशी ओतले.

“मला वाटलं झाडच हाय,” ती म्हणाली. “तुझं माहेर आता एवढंच उरलं. त्याला तहानेलं ठेवून मला पाणी गोड लागंल का?”

त्या दिवसापासून ठकूबाईने ते काम आपल्याकडे घेतले. आधी झाडाला, मग स्वतःला. झाड वाढले, सुभानाच्या खांद्याला लागले, छपरापर्यंत गेले. पण फुलले मात्र नाही. आवडी दर उन्हाळ्यात फांदी खाली ओढून कळी शोधायची. आईचा चेहरा तिला हळूहळू आठवेनासा झाला होता. वास आठवत होता.

मग दोन वर्षे पाऊस पडला नाही. झऱ्याला वाटीवाटीने पाणी भरायचे. लोक गुरे घेऊन नदीकाठच्या मुलखात जगायला निघाले. ठकूबाई म्हणाली, “माझ्या पायात बळ नाही. मी ऱ्हाते.” आवडीला खरे कारण कळले होते. तिने सासूचे पाय धरले, चला म्हणून विनवले. म्हातारी ऐकेना. तिच्याबरोबर गावात राहिला तो एकटा धोंडी मेंढका.

पाऊस झाल्याची बातमी आली तसे लोक परतले. गाव अजून दिसत नव्हते, तोच माळावर आवडीला वास आला. ती धावत सुटली. बकुळ अंगभर फुलली होती आणि दारात सडा पडला होता. घर मात्र रिकामे होते.

धोंडी म्हणाला, “रोज तांब्याभर आणायची, आधी त्याला घालायची. शेवटाला उठवंना, तवा मी आणून दिलं. त्येबी झाडालाच घालायला लावलं. तिला नुसते ओठ भिजवण्यापुरतं लागलं.”

आवडीने झाडाला मिठी मारली आणि कितीतरी वर्षांचे रडे बाहेर पडले. “आई, आई” एवढेच ती म्हणत होती. ती कुठल्या आईला हाक मारते आहे, हे सुभानालाही कळले नाही म्हणे.

आजही नांदरखेड्यात नवी सून माहेराहून बकुळीचे रोप घेऊन येते आणि दारात लावते. पहिले वर्षभर त्याला पाणी सासूने घालायचे, तेही स्वतः पिण्याआधी. टँकरच्या उन्हाळ्यातही हे चुकत नाही.

बापूंची नात गेल्या वर्षी पुण्याला दिली. चौथ्या मजल्यावर घर, दार जिन्यात उघडते. तिने रोप तेलाच्या डब्यात लावून गॅलरीत ठेवले. सासू सोलापूरकडची, तिला या गावची रीत कुणी सांगितली नव्हती, बापूंनीही नाही. लग्नाला महिना झाला असेल, एका सकाळी त्या सासूचाच फोन आला.

“बापू, पोर या रोपाशी बसून असते,” ती म्हणाली. “याला पाणी किती घालायचं, ते मला सांगा.”