मनगट धरणाऱ्यांची जत्रा

खिळ्याच्या माळावर जत्रा भरते तेव्हा देवळाच्या पायरीला टेकून एक यंत्र ठेवतात. फटीत नाणं टाकलं की पोलादी गोळी बाहेर येते. दांडी ओढून सोडली की ती वर जाते, खांबांवर आपटत खाली येते, आणि दोन्ही बाजूंची बटणं दाबून तिला परत वर उडवायचं असतं. पाहुणे विचारतात, देवीच्या दारात हा जुगार कसला? मग त्यांना सांगावं लागतं. जगातलं असलं पहिलं यंत्र याच माळावर झालं, असं आमची वाडी मानते. शहरातली माणसं हसतात. हसू देत.

फार मागे इथे दोन लोहार भाऊ राहत होते, म्हणे. थोरला भिवा, धाकटा रवळू. आईबाप लवकर गेले, भिवानेच रवळूला वाढवलं. तेव्हा देवीचा कौल फळ्यावर लावत. उतरता लाकडी फळा, त्यात खिळे ठोकलेले, वरून गोळी सोडायची. खाली उजव्या भोकात पडली तर होय, डाव्यात पडली तर नाही.

एका वर्षी भिवा तापाने पडला. देवळाच्या ओसरीवर त्याला आणून निजवलं आणि गुरवाने विचारलं, माउली, हा जगेल का? गोळी सुटली. खिळ्यांतून खुळखुळत ती डावीकडेच निघाली. रवळूच्या हातात भट्टीवरची लोखंडी पट्टी होती. त्याने ती आडवी घातली आणि गोळी वर उडवली.

गुरव ओरडला, "रवळू, देवीक उत्तर देऊक दी रे! कौल असो मधीच अडवतत?"

"कौल अजून पडूक नाय," रवळू म्हणाला, आणि दुसऱ्या हातातही पट्टी घेतली.

असे सांगतात की त्यानंतर माळावर वारा थांबला. झाडं, गुरं, माणसं सगळी पाण्याखाली असल्यासारखी दिसू लागली. गोळी वर जाई तेव्हा भिवाचा श्वास आत जाई, खाली येई तेव्हा बाहेर येई. रवळू घामाने भिजला, पण त्याने गोळी पडू दिली नाही.

मग ती दोन खिळ्यांत अडकली. भिवाचा श्वासही तिथेच अडकला. भिवा गेलाच असं समजून, मेलेल्याच्या तोंडात ठेवतात तसं ठेवायला त्यांच्या काकूने कनवटीचं नाणं काढलं. "घे बाबा, तोंडात ठेव हेच्या."

"तुझ्या तोंडात ठेव!" रवळू खेकसला. नाणं हिसकावून त्याने रागाने फळ्याच्या वरच्या फटीत कोंबलं. ते आतून घरंगळत गोळीला लागलं आणि गोळी सुटली. भिवाची छाती पुन्हा हलली. नाणं घालून गोळी सोडवायची रीत तिथून आली, म्हणे.

ऊन कलायला लागलं तेव्हा भिवाने डोळे उघडले. सरकत सरकत तो फळ्यापाशी आला आणि त्याने रवळूचं मनगट धरलं.

"बाबू, सोड आता. हात दुखले तुझे. माका झोप इली."

त्याने भावाचे हात एकेक करून पट्ट्यांवरून उचलले. गोळी कुठल्या भोकात पडली ते कोणी पाहिलंच नाही. सगळे भिवाकडे बघत होते. तो रवळूच्या मांडीवर डोकं ठेवून गेला.

आजही आमच्या जत्रेत शेवटची गोळी गेली की खेळणारा आपले हात आपण काढत नाही. मागे उभं असलेलं कुणीतरी पुढे येतं, मनगट धरतं आणि हात उचलतं. माझ्या मागे नेहमी माझा दादा असायचा. यंदा माझी गोळी गेली आणि मी तसाच बटणांवर हात ठेवून उभा राहिलो. बराच वेळ कोणी आलं नाही. मग पलीकडे गुळाचं खाजं विकणारी बाई उठली, गुळाने चिकट झालेले हात पदराला पुसत आली. आधी उजवा उचलला, मग डावा.