म्हाळूनानाचं घोंगडं

फार फार वर्षांमागं, बोरखडकात माणसांपेक्षा बाभळी जास्त होत्या तेव्हा, म्हाळूनाना नावाचा एक शेतकरी होऊन गेला. कामाला वाघ, पण संशयी असा, की स्वतःच्या सावलीलाही विचारील, "का गं बाई, मागं मागं का येतेस?"

एका दुष्काळात गावानं परमुलखातून वैरण आणली. पुढच्या पावसाळ्यात नानाच्या बाजरीत एक अनोळखी गवत उगवलं. त्याच्या काटेरी बिया दिसेल त्याला चिकटायच्या, म्हणून लोक त्याला 'चिकटं' म्हणू लागले. गुरं त्याला तोंड लावीनात, कणसात दाणा भरेना. असं म्हणतात, न्याहारीला उपटलेलं चिकटं दुपारच्या भाकरीपर्यंत पुन्हा गुडघ्याला लागायचं!

पोराबाळांच्या तोंडची वर्षाची भाकरी चालली होती. नानाला वाटलं, गवत काय आपोआप येतंय होय? कुणीतरी पेरतंय! झालं. खांद्यावर घोंगडं टाकून नाना पाळतीवर निघाला. आज याच्या बांधावर, उद्या त्याच्या. आणि तो जिथं जाऊन बसे, तिथंही थोड्या दिवसांत चिकटं डोकं काढी.

सगळ्या शिवारात एकच रान स्वच्छ राहिलं, ठमाबाईचं. ही एकटी राहणारी विधवा. संशयी माणसाचा तिला भारी तिटकारा, म्हणून तिनं नानाला बांधावर पायच ठेवू दिला नव्हता.

"तिचंच बरं साफ राहिलं? करणी आहे ही!" नाना म्हणाला.

भुकेनं घाबरलेल्या गावाला ते पटलं. ठमाबाईला गाव सोडायला सांगितलं.

तिला घालवायला वेशीपर्यंत नाना सगळ्यांच्या पुढं. तिथं ठमाबाई वळली. त्याच्या घोंगड्यावरून तिनं मूठभर बिया खुडल्या आणि त्याच्याच हातावर ठेवल्या.

"नाना, ही करणी कुणाची?"

नानाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं मागं पाहिलं. असं म्हणतात, तो आला त्या वाटेवर, त्याच्या पावलापावलात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चिकटं उगवत होतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. त्यानं ठमाबाईचे पाय धरले, घोंगडं तिथं वेशीवरच जाळलं आणि तिचं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेऊन तिला घरी आणलं. पुढं मरेपर्यंत तो लोकांच्या रानांत वाकून चिकटं उपटत राहिला, फुलावर यायच्या आत. घोंगडं जळालं तिथं अजून गवताची काडी उगवत नाही, असं म्हणतात.

आजही बोरखडकात रानात जाण्याआधी जो तो त्या जागी थांबून अंगावरचं कापड झटकतो, मग तो जावई असो की पाटील. आणि कुणी कुणावर आळ घेऊन पारावर आला, तर म्हातारी माणसं त्याला बस म्हणत नाहीत.

म्हणतात, "आधी नानाच्या जागेवर जाऊन ये."