डावीकडची सीट

“...म्हणजे मऊ स्प्रिंग घालू, की मधली?”

इंद्रजितनं पुन्हा विचारलं. बाई पायरीवर उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या, अंगावर शाल, मांडीवर सूप, आणि ओला हरभरा सोलणं चाललं होतं. त्यांनी मान वर केली नाही.

समोर अंगणात त्यानं स्प्रिंगांचे दोन संच ओळीनं मांडले होते. मधला आणि मऊ; कडक संच गाडीतच होता. शेजारी त्याची गाडी. दोन माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली बसलेली.

बाई म्हणजे मृणालिनीबाई घोरपडे. तरुणपणी घाटातल्या शर्यतीत त्यांनी भल्याभल्यांना धूळ चारली होती. आता सत्तरी उलटली, पन्हाळ्यावर राहतात आणि गाडी चालवायला शिकवतात. पण कुणालाही नाही. ज्याला शिकवतील तो पुढं जन्मभर कोल्हापुरात कॉलर ताठ करून फिरतो.

त्यात सगळ्यांत ताठ कॉलर इंद्रजितची. यंदाची शर्यत मारल्यापासून तर स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते. रंकाळ्यावरून गाडी गेली की पोरं “नाद खुळा” म्हणून ओरडायची. हा न ऐकल्यासारखं करायचा, आणि पुढच्या चौकातून वळून परत त्याच रस्त्यानं यायचा.

“कुणासाठी?” बाईंनी विचारलं.

“गाडीसाठी, बाई.”

“गाडीला थंडी वाजते?”

“तसं नाही. थंडीत शॉकअपमधलं तेल घट्ट होतं, रबर कडक पडतं. सकाळच्या वेळी गाडी आपटते. म्हणून म्हटलं, हिवाळ्यापुरती जरा आरामाची...”

“हे तू मला शिकवायला आलास?”

इंद्रजितचे कान लाल झाले.

“कुणासाठी?” बाईंनी परत विचारलं.

“...रेवतीसाठी.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या हिवाळ्यात तो बायकोला गगनबावड्याला घेऊन गेला होता. ती वाटेत चकार शब्द बोलली नाही. घरी आल्यावर कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून झोपली, आणि त्यानंतर त्या गाडीत तिनं पाऊल टाकलं नाही. आता रविवारी बेळगावात तिच्या धाकट्या भावाचं लग्न. तिनं एसटीचं तिकीट काढलं होतं.

“माझ्या बायकोनं लाल डब्यातून उतरून मांडवात जायचं, बाई. सासरवाडीची माणसं काय म्हणतील?”

“ती काय म्हणते?”

“ती म्हणते, तुझ्याबरोबर यायचंय. पण तू चालवणार असशील तर नको.”

हे सांगताना त्याचा आवाज एकदम खाली गेला. शर्यत हरल्यावरसुद्धा त्याला एवढं लागलं नव्हतं. आपली बायको आपल्या शेजारी बसायला भिते, हे त्याच्या मनाला रात्रंदिवस खात होतं, आणि चारचौघांत बोलायची सोय नव्हती.

बाईंनी एक हरभरा तोंडात टाकला.

“मऊ घाल,” त्या म्हणाल्या.

बाईंच्याच गॅरेजात त्यानं गाडी जॅकवर घेतली आणि दुपारच्या आत मऊ स्प्रिंगा बसवल्या. मग एकटाच घाट उतरून खाली गेला आणि गाणं गुणगुणत वर आला.

“लोणी, बाई. अगदी लोणी झालीय.”

“उतर.”

तो उतरला. बाई शाल खोचून स्टिअरिंगमागं बसल्या.

“बस.”

“कुठं?”

“हिच्यात तिसरी जागा केव्हापासून झाली?”

इंद्रजित वळसा घालून डाव्या बाजूला गेला. गाडी घेतल्यापासून तो त्या सीटवर कधी बसलाच नव्हता. बसल्यावर त्याचा हात पट्ट्यासाठी सवयीनं उजव्या खांद्याकडं गेला. तिथं पट्टा नव्हता.

बाईंनी गाडी सोडली.

त्या काही फार जोरात चालवत नव्हत्या. तो चालवतो तशीच चालवत होत्या, कारण त्याला तसं चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. पावसाळ्यानंतर रस्त्यावर ठिगळं मारली होती आणि ठिगळांच्या मधे खड्डे तसेच राहिले होते. बाईंना खड्डा लांबून दिसत होता. त्यांचा दंड आधीच घट्ट होत होता, अंग सावरलं जात होतं. इंद्रजितला मात्र खड्डा बसल्यावरच कळत होता.

पहिल्या वळणाला तो दारावर आदळला. दुसऱ्या वळणाला त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबू लागला. त्यात मऊ स्प्रिंगा. खड्डा गेला तरी गाडी झुलतच राहायची, आणि ती थांबायच्या आत पुढचा खड्डा.

“लागलं?” बाईंनी विचारलं.

“छे.”

“बरं.”

त्यांनी आणखी थोडा वेग वाढवला.

परत अंगणात आल्यावर तो उतरला आणि फाटकाचा खांब धरून बराच वेळ उभा राहिला. तोंड पांढरंफटक पडलं होतं. बाई आत जाऊन आल्याचा तुकडा घेऊन आल्या आणि त्याच्या हातावर ठेवला.

“लोणी कसं होतं?”

इंद्रजित पायरीवर टेकला. आलं चघळत तो अंगणातल्या संचांकडं बघत राहिला... मग उठला, बाह्या सारल्या, आणि न विचारता मऊ स्प्रिंगा काढायला घेतल्या.

“का रे? मऊ नको?”

“मऊ म्हणजे आरामाची नव्हे, बाई. झुलते. पोटात ढवळतं.”

“असं होय?” बाई म्हणाल्या, जणू त्यांना हे आजच कळत होतं.

त्यानं मधला संच बसवला. थंडीनं घट्ट झालेल्या शॉकअपचा ताण कमीजास्त करायचा खटका एक घर सैल केला, आणि या वेळी स्वतःच जाऊन डावीकडं बसला.

“चला, बाई.”

बाईंनी गाडी घाटातून फिरवून आणली. त्यानं उतरून खटका फिरवला. परत बसला. पुढचा ठीक झाला तेव्हा मागचा आपटायला लागला. मागचा सैल केला तर वळणावर गाडी अंग टाकू लागली. त्यानं चाकांतली थोडी हवा काढली, पुन्हा खटक्याकडं वळला. जेवणाची आठवण त्याला झाली नाही. बाईंना झाली, पण त्यांनी ती काढली नाही. पोरगा असा हट्टाला पेटला की त्यांना बरं वाटायचं. शर्यतीसाठी त्यानं एवढी खटपट केलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

उन्हं कलली. शेवटच्या फेरीला इंद्रजितनं सीटवर डोळे मिटून घेतले. नाक्याजवळचा गतिरोधक केव्हा आला नि केव्हा गेला, हे त्याला समजलंच नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी अंगणात शिरत होती.

बाईंनी इंजिन बंद केलं. 

“जमली,” त्या म्हणाल्या.

एवढंच. पण यंदा शर्यत जिंकून पाया पडायला आला होता, तेव्हा त्या नुसतं “बरं” म्हणाल्या होत्या. इंद्रजितची छाती अशी फुगली की पट्टा काचायला लागला. आपल्या हातात काय कसब आहे, हे आज बाईंनी कबूल केलं, आणि तेही आरामाच्या गाडीवर. त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता खाली जावं आणि रेवतीच्या हातातलं तिकीट फाडून टाकावं.

“आता ती नाही म्हणायची नाही,” तो म्हणाला. “बेळगावपर्यंत पाठ टेकून झोपली तरी जाग येणार नाही. बसेल ना ती, बाई?”

बाई किल्ली काढून पदराच्या टोकानं पुसत राहिल्या.

“रेवती चालवते ना गाडी?”

“तिची छोटी आहे. बँकेत जाण्यायेण्यापुरती.”

“हात कसा आहे?”

“बरा आहे. जरा सावकाश चालवते.”

“आणि ही? ही कधी चालवली तिनं?”

इंद्रजितला हसू फुटलं.

“ही? काहीतरीच काय, बाई. ही तिला झेपायची नाही. क्लच किती जड आहे. आणि लोक बघतात हो... माझ्या गाडीत दुसरंच कुणी, आणि मी शेजारी...”

बोलता बोलता तो थांबला. त्यानं किल्लीसाठी हात पुढं केला. बाईंनी ती दिली नाही.

अंगणात थंडी उतरायला लागली होती. बाईंनी शाल सारखी केली. इंद्रजितचा हात तसाच पुढं राहिला होता...

“ती बसेल,” बाई म्हणाल्या. “बेळगावपर्यंत तिनं चालवली, तर तू बसशील?”