लाही हाकेला का येत नव्हती

फार पूर्वी कुंभवती नगरीत वज्रबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका मेंढपाळाच्या घरी जन्माला आले होते. नगराबाहेरच्या माळावर त्यांची मेंढरे चरत. त्यांच्यापाशी तीन कुत्री होती आणि नाव घेताच ती माळाच्या दुसऱ्या टोकाहून धावत येत. लोकांना वाटे, या माणसाला काही मंत्र येतो. मंत्र वगैरे काही नव्हता. त्यांच्या कमरेच्या पिशवीत वाळवलेल्या खरवसाचे तुकडे असत आणि हाकेला आलेल्या कुत्र्याला तुकडा मिळे, एवढेच. गोष्ट इतकी साधी होती. पण साधी गोष्ट माणसांच्या गळी उतरवताना कसा जीव मेटाकुटीला येतो, ते पुढे कळेलच.

राजवाड्याच्या मागे श्वानशाळा होती. तेथे चाळीस कुत्री होती आणि त्यांच्यावर धनक नावाचा श्वानपाल होता. धनक वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. कुत्र्यांना खायला घातल्याशिवाय तो स्वतः जेवत नसे. परंतु त्याच्या घराण्यात चार पिढ्या चालत आलेली एक रीत होती. तिला सांजझाडणी म्हणत. दिवसभरात कोणत्या कुत्र्याने काय आगळीक केली ते धनक ध्यानात ठेवी. सूर्य मावळतीला आला की तो अंगणात उभा राहून एकेका अपराध्याला नावाने हाक मारी, त्याने काय केले ते सर्वांसमक्ष मोठ्याने सांगे आणि मग छडी उचली. गुन्हा सांगितल्याशिवाय आमच्याकडे कुत्र्याच्या अंगाला हात लागत नाही, असे तो छाती पुढे काढून सांगत असे.

आता सकाळी चावलेल्या चपलेचा संध्याकाळच्या छडीशी काय संबंध, हे कुत्र्याला कसे कळावे? चपलेला तर ते दुपारीच विसरलेले असे. त्याला कळे ते एवढेच की आपले नाव ऐकू आले, आपण धन्याकडे गेलो आणि पाठीत कळ उठली. चार दिवसांत कोणतेही पिल्लू शहाणे होई आणि नाव ऐकताच उलट दिशेला पळे. मग सेवक दोर घेऊन मागे धावत. जे सापडे ते पोट जमिनीला घासत आणि कान पाडून येई. तेव्हा हीच मंडळी एकमेकांना सांगत की बघा, आपली चूक कशी कळली आहे त्याला. चार पिढ्यांत एकाच्याही मनात दुसरा विचार आला नाही. सांगताना माझेही डोके धरते, पण घडले ते असे.

त्या श्वानशाळेत लाही नावाचे एक पिल्लू होते. कढईतून उडणाऱ्या लाहीसारखी ती एका जागी म्हणून ठरत नसे, म्हणून तिचे हे नाव. एका उत्सवात राजा हत्तीवरून मिरवत निघाला असता लाही सुटली. धनकाने हाक मारली, तशी ती अधिकच पळाली. सेवकांनी आरडाओरडा केला आणि ती थेट हत्तीच्या पायांत शिरली. हत्ती बुजला आणि महाराज सगळ्या नगरीच्या देखत चिखलात बसले. राजाला फारसे लागले नाही, पण लोक हसले, आणि ते लागले. हे पिल्लू दगड बांधून नदीत टाका, अशी त्याने तेथल्या तेथे आज्ञा केली.

बोधिसत्त्व लोकर घेऊन नगरात आले होते. त्यांनी गर्दीतून पुढे होऊन राजाला विनंती केली की एक महिना द्यावा, हे पिल्लू हाकेला येईल. राजाने अंगावरचा चिखल निपटत एक अट घातली. पुढच्या पौर्णिमेला सकाळी मैदानात सर्व दरबारासमोर धनकाने स्वतः हाक मारायची. हाका तीनच. आली तर जगेल, नाहीतर नदी जवळच आहे.

दुसऱ्या दिवसापासून बोधिसत्त्व रोज श्वानशाळेत येऊ लागले. हाताच्या अंतरावर बसून ते नुसते "लाही" म्हणत आणि खरवसाचा तुकडा पुढे ठेवत. पहिले दोन दिवस ती कोपऱ्यातून हललीच नाही. तिसऱ्या दिवशी तिने मान वळवली, तेवढ्यासाठीही तुकडा. मग एक पाऊल, मग चार पावले, मग अंगणाची रुंदी. ती आली की ते तिला धरून बांधीत नसत. तुकडा देऊन पुन्हा खेळायला सोडत. आल्यावर खेळ संपला तर कोण येईल, असे ते म्हणत. धनकाला त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती की महिनाभर हातात खाऊ असल्याशिवाय हिचे नाव घ्यायचे नाही आणि हिला झाडणीतून वगळायचे. धनकाने मान डोलावली होती.

आठव्या दिवशी बोधिसत्त्व आले आणि त्यांनी हाक मारली, तर लाही धनकाच्या पलंगाखाली. चौकशी केली तेव्हा कळले की आदल्या दिवशी तिने धनकाची पगडी कुरतडली होती आणि संध्याकाळी झाडणी झाली होती. धनकाने अगदी सरळपणे सांगितले की वगळायचे कबूल होते, पण पगडी म्हणजे फारच झाले. बोधिसत्त्वांनी कोपऱ्यातल्या पिल्लापासून पुन्हा सुरुवात केली. चौदाव्या दिवशी ती अंगणभर धावत येऊ लागली. पंधराव्या दिवशी पुन्हा पलंगाखाली. या वेळी तिने उंबऱ्यात घाण केली होती. धनकाचे म्हणणे असे की त्याने फक्त दोनच छड्या मारल्या, एरवी चार असतात. बोधिसत्त्व नदीवर गेले आणि बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसले. बोधिसत्त्व झाले तरी शेवटी माणसाचाच जन्म होता तो.

विसाव्या दिवशी धनक आपण होऊन माळावर आला. इतका लांब तो कधी आला नव्हता. वाटेत त्याने दोनदा परत फिरायचा विचार केला असावा, कारण आला तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. खाली बघत तो म्हणाला, "मेंढक्या, काल पुन्हा हात उचलला गेला माझ्याकडून. म्हटलं, आपणच जाऊन सांगावं."

आणि बोधिसत्त्वांचा तोल सुटला. वीस दिवसांची मेहनत, तीन वेळा पाण्यात. ते त्याला नको नको ते बोलले. तुझ्यापेक्षा माझ्या मेंढराला अक्कल आहे म्हणाले, ते पिल्लू बुडेल ते तुझ्या हाताने बुडेल म्हणाले. धनकाने सगळे ऐकून घेतले आणि तो आला त्या वाटेने निघून गेला.

त्यानंतर तीन दिवस धनक रोज सांगे की आता काही अडचण नाही, छडीला हातसुद्धा लावलेला नाही. पण लाही रोज पलंगाखाली असे आणि तिच्या पाठीवर नवा वळ असे. तिसऱ्या दिवशी बोधिसत्त्वांनी तो वळ हाताने चाचपला आणि धनकाकडे पाहिले. धनकाने नजर दुसरीकडे वळवली, खांदे वर ओढले आणि तो एक पाऊल मागे सरकला. ते मागे सरकणे बोधिसत्त्वांनी ओळखले. हा माणूस आपण होऊन, न बोलावता, आपल्याकडे आला होता, आणि आपण त्याला येण्याबद्दल झोडपले. आता तो आपल्यापासून लपतो आहे. इतके दिवस आपण ज्याला शहाणपण शिकवत होतो, त्याच्याशी आपण त्याच्याच रीतीने वागलो. बोधिसत्त्वांना स्वतःचीच मनापासून लाज वाटली.

त्यांनी धनकाचे पाय धरले. धनक बावरून गेला. श्वानशाळेत कोणी कोणाची क्षमा मागितलेली त्याने पाहिली नव्हती. बोधिसत्त्व म्हणाले, "दादा, तुम्ही खरं सांगायला आलात आणि मी तुम्हाला हाकलून दिलं. चूक माझी झाली. आजपासून रोज झाडणीच्या वेळेला तुम्ही माळावर या. चुकलेलं विचारणार नाही. काय बरं झालं तेवढंच सांगा."

धनकाला वाटले, यात काहीतरी डाव असणार. तरी तो गेला. बोधिसत्त्वांनी त्याच्यासमोर मेंढीच्या दुधाची गरम खीर ठेवली. पहिल्या दिवशी सांगण्यासारखे काही त्याला सुचेना. बऱ्याच वेळाने तो म्हणाला की आज छडी उचलली होती, पण मारण्याआधी खाली ठेवली. बोधिसत्त्वांनी वाटीत आणखी एक पळी खीर वाढली. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितले की लाहीने त्याच्या हातून तुकडा घेतला. आणि झाडणीच्या वेळेला धनक माळावर खीर खात बसू लागल्यामुळे श्वानशाळेत झाडणी करायला कोणी उरलेच नाही. पौर्णिमेला सात दिवस राहिले होते. धनक लाहीपुढे बसायला शिकला, आवाज खाली आणायला शिकला, वाट पाहायला शिकला. हे शेवटचे त्याला सर्वांत जड गेले.

पौर्णिमेच्या सकाळी मैदानात मांडव पडला. राजा, मंत्री, सेनापती सगळे आले. एका टोकाला लाहीला सोडले आणि दुसऱ्या टोकाला धनक उभा राहिला. नदीच्या बाजूला दोन सेवक दगड आणि दोर घेऊन उभे होते. धनकाची नजर राहून राहून त्या दगडाकडे जात होती. त्याने पहिली हाक मारली, पण आवाज जुना निघाला, अंगणातला. लाहीने कान पाडले. दुसऱ्या हाकेला ती थोडी आली आणि मध्येच बसली. मांडवात कुजबुज सुरू झाली. तेव्हा दरबारी पोशाखातला तो श्वानपाल मैदानाच्या धुळीत मांडी घालून बसला, ओंजळ पुढे केली आणि शेजारच्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाला, "लाही."

ती उठली, थबकली आणि मग सुसाट धावत त्याच्या मांडीवर आदळली. धनकाने तिला तुकडा दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि ते पुसायचे त्याला सुचले नाही.

येथे कोणालाही वाटेल की गोष्ट संपली. पण राजे लोक इतक्यात आटोपत नाहीत. वज्रबाहूने निवाडा दिला की पिल्लू जगेल, मात्र ते तिसऱ्या हाकेला आले आहे. न ऐकलेल्या दोन हाकांच्या दोन छड्या त्याला द्याव्यात, म्हणजे पुढच्या वेळी पहिल्याच हाकेला येईल. रीत धनकाच्याच घराण्याची होती. सेवकाने छडी आणून धनकासमोर धरली.

धनकाने ती घेतली नाही. "महाराज," तो म्हणाला, "ती आली आहे. आलेल्याला मी मारणार नाही."

 राजाचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "धनक, इकडे ये."

धनक उठला. लाहीला खाली ठेवून तो दोन पावले चालला आणि थांबला. मान खाली गेली होती, खांदे कानांपर्यंत आले होते. आणखी एक पाऊल टाकले, पुन्हा थांबला. राजा मंत्र्यांकडे वळून म्हणाला की पाहा, याला आपला अपराध कळतो आहे. तेव्हा बोधिसत्त्व पुढे झाले. त्यांचा आवाज शांत होता. ते म्हणाले, "महाराज, अपराध कळला म्हणून तो असा येत नाही. आपण बोलावलंत म्हणून असा येतो."

राजाने चिडून आपल्या वृद्ध महामंत्र्याला जवळ बोलावले आणि विचारले की हा मेंढपाळ म्हणतो ते खरे आहे काय. महामंत्री आसनावरून उठला, दोन पावले आला आणि थांबला. मान खाली, खांदे वर.  राजाने सेनापतीकडे पाहिले, तर सेनापती मांडवाच्या खांबाआड सरकत होता.  वज्रबाहू हातात डोके धरून म्हणाला, "इतकी वर्षं मला हे कोणी सांगितलं का नाही?" या प्रश्नालाही कोणी उत्तर दिले नाही, आणि उत्तर त्याला मिळाले.

राजा सिंहासनावरून उतरला. समोर मांडलेल्या आपल्या ताटातला लाडू उचलून तो स्वतः मैदानात चालत गेला आणि तो लाडू त्याने धनकाच्या हातावर ठेवला. धनक मागे सरकला नाही. त्या दिवसापासून सांजझाडणी बंद झाली. महामंत्र्याने दुसऱ्याच दिवशी येऊन राजाला त्याच्या तीन चुका सांगितल्या. राजाने दात आवळून तिन्ही ऐकल्या आणि त्याला जेवायला ठेवून घेतले.

पुढे बोधिसत्त्व बुद्ध होऊन शास्ते, म्हणजे गुरू, झाले. त्यांनी ही कथा विहारात सांगितली ती भिक्खू पुण्णसारामुळे. नवे शिकाऊ श्रामणेर आपली चूक कबूल करायला आले की पुण्णसार त्यांना चारचौघांत झापत असे, आणि मग हे हल्ली खोटे बोलतात म्हणून तक्रार घेऊन येत असे. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा धनक म्हणजे आजचा भिक्खू नंदिसेन. लाही म्हणजे भिक्खुणी सोमदत्ता. राजा वज्रबाहू तू होतास, पुण्णसारा. आणि ज्याने एका माणसाला खरं बोलल्याबद्दल दुखावलं आणि मग त्याचे पाय धरले, तो मेंढपाळ मी होतो."

पुण्णसार उठला. त्याला काहीतरी सांगायचे होते. तो दोन पावले पुढे आला आणि थांबला. शास्त्यांनी काही विचारले नाही. त्यांनी आपल्या शेजारची जागा हाताने झाडली आणि तो बसेपर्यंत वाट पाहिली. या वाट पाहण्यालाच क्षांती, म्हणजे क्षमाशील धीर, म्हणतात.