दोन वाक्यांच्या मधे

“पण मग ते सगळे नेमकं तिथेच गप्प का होतात, मास्तर?”

अहरोनमास्तर पेझारकर टांगत्या दिव्याची काच पुसत होते. ते मराठी ज्यू. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावातलं हे जुनं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तेच सांभाळत. प्रश्न विचारणारे निरंजन टिपणीस त्यांचे जुने विद्यार्थी, आता कॉलेजात इतिहास शिकवत. नाझींच्या राज्यात ज्यूंना घरात लपवणाऱ्या माणसांच्या आठवणी ते कितीतरी वर्षं वाचत होते. त्यावर पुस्तक लिहीत होते, व्याख्यानं देत होते. व्याख्यानांना गर्दी होई, आणि ती झालेली त्यांना आवडे.

“कुठे गप्प होतात?”

“एक गिरणीवाला लिहितो, दारावर थाप पडली. पुढचं वाक्य, मी त्यांना माळ्यावर नेलं. एक शिक्षिका लिहिते, शेजारीण मुलगी घेऊन आली. पुढचं वाक्य, मी गादी घातली. बस्स. त्या दोन वाक्यांच्या मधे काय झालं, ते कोणीच लिहीत नाही.”

“मधे काही झालं असेलच कशावरून?”

“असणारच. पकडले गेले तर मरण होतं. थाप गावात पुष्कळ दारांवर पडली. उघडलं एखाद्यानेच.”

“हे बाकी खरं.”

मास्तरांनी काच उजेडात धरली. पुन्हा पुसली.

टिपणीस खालच्या आवाजात म्हणाले, “मी उघडलं असतं का?”

“मला काय ठाऊक…”

“तुम्ही मला लहानपणापासून ओळखता.”

“म्हणूनच म्हणतो, मला काय ठाऊक.”

टिपणीसांना ते लागलं. ते उठून दारात जाऊन उभे राहिले. दुपार उतरत होती. रस्त्यावर कोणी नव्हतं.

तेवढ्यात वाडीच्या बाजूने एक बाई जवळजवळ पळतच आली. कडेवर वर्षाचं मूल. ओठ फाटलेला, पदरावर रक्त. पायरीशी येऊन ती थांबली. तिला धड बोलताही येईना.

“कोण तुम्ही?” टिपणीस म्हणाले. “काय झालं? पोलिसांत गेलात का?”

“मागनं येतायत… नवरा न् दीर…”

“पण भांडण कशावरून? म्हणजे, नीट कळल्याशिवाय…”

आतून मास्तरांचा आवाज आला. “निरंजन, दारातून बाजूला हो.”

टिपणीसांनी स्वतःकडे पाहिलं. दोन्ही हात चौकटीला टेकवून ते दार अडवून उभे होते.

ते बाजूला झाले. बाई पायरीवर चपला सोडून आत शिरली. मास्तरांनी तिला काही विचारलं नाही. मागच्या खोलीत नेलं, चटई अंथरली, पाण्याचा तांब्या दिला.

टिपणीस दारातच राहिले. मोटरसायकलचा आवाज आला.

दोघे उतरले. एकाच्या हातात वेताची काठी होती.

“मास्तर हायत?”

“आत आहेत. प्रार्थना चाललीय.”

“एक बाई आली काय इकडं? पोर घेऊन?”

“नाही.”

दुसऱ्याची नजर पायरीवर गेली. “या चपला कोणाच्या?”

“माझ्या बायकोच्या.”

तो चपलांकडे बघत राहिला. मग टिपणीसांकडे. टिपणीसांनी नजर हलवली नाही. आत मूल एकदा कुरकुरलं आणि गप्प झालं.

“नातू आहे मास्तरांचा,” टिपणीस म्हणाले. “ताप आहे त्याला. आवाज करू नका.”

काठीवाल्याने जमिनीवर थुंकून दुसऱ्याला खूण केली. मोटरसायकल बंदराच्या रस्त्याला लागली.

आवाज पार विरेपर्यंत टिपणीस उभे होते. मग पायरीवर बसले. मास्तरांना नातू नव्हता. त्यांचं लग्नच झालेलं नव्हतं, आणि हे त्या दोघांना सहज ठाऊक असू शकत होतं. ही गोष्ट टिपणीसांच्या आता ध्यानात आली.

बऱ्याच वेळाने ते मागच्या खोलीत गेले. बाई भिंतीला टेकून बसली होती. वनिता तिचं नाव. मास्तरांनी तिच्या भावाला फोन लावला होता.

“नागोठण्याहून निघालाय,” मास्तर म्हणाले. “दिवस मावळायच्या आत गाडी घेऊन येईल. त्याच्याबरोबर पोलीसपाटीलही येतायत.”

वनिताने टिपणीसांकडे पाहिलं. हात जोडायला गेली, पण बिलगलेलं मूल सुटेना.

टिपणीस काय झालं ते आठवून पाहू लागले. तो माणूस बोलला, आपण बोललो. त्याच्या आधी, त्या दोन वाक्यांच्या मधे… तिथे काहीच सापडेना.

“मास्तर,” ते म्हणाले, “आत्ता मला एक गोष्ट कळली…”

मास्तरांनी फडताळातून वाटी काढून त्यांच्या हातात दिली.

“कळू दे सावकाश. आधी शेजारून दूध घेऊन ये. पोर उपाशी आहे.”